रुळांना जवसाचं तेल

घासण्याच्या बाबतीत माझा हात कोणी धरू शकत नाही, अशी माझी लग्नाआधीपासूनची समजूत होती. उमरेडला आमच्या घरी पितळेचा हंडा मी घासला की आई त्यात तोंड पाहून कुंकू लावते, असं मी सासरी आल्याबरोबर दोघी-तिघींना सांगून टाकलं. खरं म्हणजे आई आरशातच पाहायची. पण नव्या नवरीने माहेरची गोष्ट जरा फुगवून सांगितली तर त्यात पाप नसतं. पाप पुढे झालं, आणि ते या फुशारकीच्या पोटीच झालं.

नागपूरला गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं. आजूबाजूला सगळे विणकर, दिवसभर मागांची खटखट. आमच्या घरातला माग मात्र केव्हाच उठला होता. सासरे तरुणपणीच रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू म्हणून लागले आणि मी सून होऊन आले तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. नवरा धंतोलीत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर. तो सकाळी सायकलवर टांग टाकून जायचा तो दिवेलागणीलाच परतायचा. त्यामुळे दिवसभर घरात आम्ही तिघं: सासरे, म्हणजे मामाजी, सासू, म्हणजे आत्याबाई, आणि मी. त्याखेरीज पत्र्याच्या पेटीत मामाजींची आगगाडी.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी रेल्वेतला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला. त्याच्या घरचं सगळं सामान मामाजींनी स्वतः उभं राहून मालगाडीच्या वाघिणीत भरून दिलं आणि मुंबईपर्यंत म्हणे एक पेलासुद्धा फुटला नाही. साहेब खूश झाला आणि त्याने आपल्या मोठ्या झालेल्या मुलाची विजेवर चालणारी खेळण्यातली गाडी मामाजींना देऊन टाकली. हिरवं इंजिन, जेमतेम वीतभर. मागे तीन डबे. आणि पत्र्याचे वाकडे-सरळ रूळ, एकमेकांत खुपसले की मोठ्या चौरंगाभोवती फेर व्हायचा. त्यात बाजूचे दोन रूळ नेहमीसारखे आणि मधोमध आणखी एक तिसरा. तो तिसरा कशासाठी, हे मी कधी विचारलं नाही. साहेबलोकांकडे पत्रा उरला असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

खापरखेड्याची वीज आमच्या गल्लीत आली तेव्हापासून ही गाडी दरवर्षी महालक्ष्म्यांपुढे चालायची. भाद्रपदात महालक्ष्म्या उभ्या राहिल्या, फराळाचे ढीग मांडले की त्यांच्याभोवती मामाजी रूळ जोडायचे. मधल्या उघड्या डब्यात विडे. हळदीकुंकवाला आलेल्या बाईसमोर गाडी येऊन थांबायची आणि तिने लाजत लाजत विडा उचलायचा. गल्लीत कुणाच्या महालक्ष्म्यांना आमच्यापेक्षा भारी लुगडी असतील, दागिने असतील. पण रेल्वे फक्त आमच्या महालक्ष्म्यांना होती, आणि मामाजींना त्याचा केवढा अभिमान!

आता त्या घरातली एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सुनेने सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही. बोलायचं ते सासूच्या मार्फत. मामाजी म्हणणार, "तिले सांग." मी म्हणणार, "त्याईले म्हणा." मध्ये आत्याबाई सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेल्या. खोली एवढीशी, तिघांनाही तिघांचं बोलणं स्वच्छ ऐकू यायचं. तरी आत्याबाईंनी निरोप पोचवल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. त्या बिचाऱ्या न कंटाळता इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करायच्या, तेही बरंचसं छाटून.

मला नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे मास्तर तयार करतात त्या शाळेत, जायचं होतं. मी सातवी पास होते. मास्तरीण व्हायचं मी फ्रॉकमध्ये असल्यापासून ठरवलं होतं आणि घरातल्या कोंबड्यांना पाढे शिकवून तयारीही केली होती. कोंबड्या नापास झाल्या, पण माझी हौस टिकली. नवऱ्याची ना नव्हती. "बाबा हो म्हणाले का झालं," एवढं बोलून तो सायकलवर बसायचा. आषाढात मी आत्याबाईंच्या मार्फत मामाजींना विचारलं, पुढच्या जूनपासून जाऊ का? उत्तर आलं, "पाहू म्हण. महालक्ष्म्या होऊन जाऊ दे."

तेव्हापासून मी मामाजींना खूश करायचा विडा उचलला. त्यांच्या चहात आलं, त्यांच्या धोतराला नीळ, त्यांच्या पानाला कात नेमका. शाळेत नाव घालायला निघालेली मी, आणि सगळी भिस्त पानाच्या कातावर!

पोळ्याच्या दिवशी संधी चालून आली. दरवर्षी गाडी मामाजी स्वतः पुसायचे, पण यंदा त्यांची कंबर धरली होती. ते म्हणाले, "तिले सांग, रूळ अन् चाकं पुसून ठेव. कोरडं फडकं घे म्हणा. बाकी काही करू नको."

आत्याबाईंनी एक शब्द न छाटता हा निरोप मला दिला. मी तो पूर्ण ऐकला आणि त्यातलं "बाकी काही करू नको" एवढं मनातल्या मनात पुसून टाकलं. कोरड्या फडक्याने कधी काही निघतं का? पुरुषांना घासण्यातलं काय कळतं! मी चिंच भिजत घातली, चुलीतली राख चाळून घेतली आणि न्हाणीत बसून एकेक रूळ देवाच्या उपकरणीसारखा घासला. इंजिनाची चाकं नारळाच्या शेंडीने घासली. सगळं लखलखीत झालं. आई तिथे असती तर त्या रुळात तोंड पाहून तिने खरंच कुंकू लावलं असतं.

मग मी त्यांना तेल लावलं.

यात माझं काही चुकतंय, अशी शंकासुद्धा मला आली नाही. माझ्या बापाचे दोन माग. रोज सकाळी बसण्याआधी तो धोट्याला तेलाचं बोट लावायचा, म्हणजे तो सुतातून सरसर पळायचा. माग कुरकुरला की तेल. रहाट अडला की तेल. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदेसुद्धा लोण्या-हळदीने मळतात. जो जो म्हणून राबतो त्याला वंगण लागतं, एवढं मला कुठल्याही नॉर्मल स्कूलात न जाता ठाऊक होतं. घरात घाणीवरचं ताजं जवसाचं तेल होतं, आम्ही भाजीला तेच वापरायचो. त्यात चिंधी बुडवून मी तिन्ही रूळ माखले, चाकं माखली, इंजिनाच्या पोटाखाली चमच्यासारखी एक पत्र्याची पट्टी होती तीही माखली. जिथे बोट जाईना तिथे पीस बुडवून तेल पोचवलं. आणि सगळं सुपात पसरून ओसरीत ठेवून दिलं, मुरू दे म्हणून.

जवसाचं तेल मुरत नाही, सुकतं. उघड्यावर आठवडाभर राहिलं की त्याचा पिवळा, कडक पापुद्रा होतो. रंगारी ते रंगात घालतात ते उगाच नाही. आमच्या तेलाच्या बाटलीच्या तोंडाशी जमलेला तसला पापुद्रा मी किती वेळा नखाने खरवडून काढला होता. पण बाटली स्वयंपाकघरात आणि अक्कल माहेरी, दोघींची गाठ पडली नाही.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी संध्याकाळी खोलीत बायका मावेनात. मामाजींनी धुतलेली टोपी घातली, कंबर धरून खाली बसले आणि विजेचा जोर कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या डब्यावरची दांडी पुढे सरकवली. गाडी हलली नाही. दांडी आणखी सरकवली. काही नाही. त्यांनी बोटाने इंजिनाला ढकललं, ते सुपारीएवढं पुढे गेलं आणि थांबलं.

"दमली वाटते," कोणी तरी म्हणालं.

"उपाशी असन. निवद दाखवा ना इंजनाले," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

मामाजींनी रुळावरून बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे न पाहता त्यांनी विचारलं, "याले तेल कोणं लावलं?"

मला वाटलं, आता कौतुक होणार. दाराआडून मी आत्याबाईंना चांगल्या खणखणीत आवाजात म्हटलं, "मी लावलं म्हणा! जवसाचं. घाणीवरचं ताजं!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं नसावं.

त्या संध्याकाळी मामाजींनी गाडी हाताने ढकलली. दुखरी कंबर घेऊन गुडघ्यांवर रांगत ते प्रत्येक बाईपुढे विड्यांचा डबा नेत होते आणि बायका तोंडाला पदर लावून विडे उचलत होत्या. सगळ्या गेल्यावर ते म्हणाले, "तिले सांग. जिले कोरडं फडकं म्हटलं त समजत नाही, थे शाळेत काय शिकवन?"

आत्याबाईंनी हा निरोप मला दिला नाही. पण मी तो ऐकला होता. न्हाणीत जाऊन मी खूप रडले, आणि रडता रडताही तिथल्या बंबावरचा काळा डाग घासला, कारण जित्याची खोड.

विसर्जन झाल्यावर दुसऱ्या दुपारी मी रूळ, चिंध्या आणि घासलेटची बाटली घेऊन खोलीत बसले. घासलेटने तेल जागचं हललं नाही. मग नवऱ्याने दवाखान्यातून थोडं स्पिरिट आणून दिलं. त्याने पापुद्रा जरा फुगला, तरी शेवटी नख आणि बांबूची कामटी यांनाच काम करावं लागलं. जिथे माझी राख जास्त लागली होती तिथली कल्हई उडून आतून गंज डोकावत होता. मामाजी जरा वेळ खाटेवरून पाहत राहिले. मग खाली उतरले आणि फेराच्या पलीकडच्या बाजूला बसून त्यांनीही एक रूळ उचलला. मध्ये आत्याबाई, सूप घेऊन.

रोज दुपारी आमची ही बैठक बसायला लागली. माझ्या लक्षात आलं की मामाजींचा राग रूळ खरवडता खरवडता निवत चाललाय. एकदा ते आपणहून सांगायला लागले. "तिले सांग, वीज मधल्या रुळातून येते. इंजनाच्या पोटाखालची पट्टी त्याच्यावर घासत चालते, तिच्यातून वीज वर चढते, मोटर फिरवते अन् चाकातून बाजूच्या रुळात उतरते. मधात तेल सुकलं का रस्ता बंद."

"मधातून चढते, चाकातून उतरते," आत्याबाई म्हणाल्या. "तेल असलं का तिथंच बसते."

तिसरा रूळ कशासाठी होता, ते मला तेव्हा कळलं. साहेबाकडे पत्रा उरला नव्हता. मला एकदम प्रश्न सुचला. "त्याईले विचारा, तेलावरून सारं घसरते, मंग वीज काहून घसरत नाही?"

"थे म्हणते, घसरत काहून नाही?"

मामाजींनी कामटी खाली ठेवली. छताकडे पाहिलं. बराच विचार करून म्हणाले, "साहेबानं सांगतलं नाही." त्यांच्या तोंडावरचा तो प्रामाणिक गोंधळ पाहून मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

रूळ साफ झाले तरी इंजिन अडखळतच होतं. मामाजींनी ते उलटं केलं. चाकांच्या आसांना बारीक सूत गुंडाळलेलं होतं. आमच्या गल्लीत हवेतच सुताचे तंतू तरंगायचे, भाकरीतसुद्धा निघायचे. ते माझ्या तेलात चिकटले आणि चाकांबरोबर फिरून घट्ट आवळले गेले होते. मामाजी चाकूने कापायला गेले. मी घाईने म्हटलं, "आत्याबाई, त्याईले म्हणा कापू नका! कापलं का तुकडे आत जातीन." निरोप जाईपर्यंत त्यांनी चाकू ठेवलाही होता. मी सुईने चाचपत सुताचं टोक शोधलं आणि उलटं उलगडत गेले. गुंता सोडवणं हे विणकराच्या पोरीला कोणी शिकवावं लागत नाही. या सबंध प्रकरणात मला खरोखर येत असलेली ही एकच गोष्ट होती, आणि तीही मी बिघाड केल्याशिवाय उपयोगी पडली नसती.

मामाजींनी दांडी सरकवली आणि गाडी निघाली. कुरकुर नाही, अडखळ नाही. रिकाम्या चौरंगाभोवती ती फिरत राहिली आणि मामाजी हसले. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. लोहा गरम आहे, असं मी मनात म्हटलं आणि आत्याबाईंना खुणावलं, "आता विचारा ना. जूनचं."

"थे शाळेचं विचारून राहिली जी," आत्याबाई म्हणाल्या.

मामाजींनी गाडी थांबवली. "तुहं काय म्हणणं आहे?"

आत्याबाई सवयीने माझ्याकडे वळल्या. "तुहं काय म्हणणं आहे म्हणते, वं."

"तिले नाही," मामाजी म्हणाले. "तिचं मले माहीत आहे. तुले विचारून राहिलो. थे सकाळी गेली का संध्याकाळी येईन. चूल, पाणी, सारं तुह्या अंगावर पडन. तुहे गुडघे हे असे. मी आखाडापासून वाट पाहून राहिलो का तू काही म्हणशीन, त तू बोलूनच नाही राहिली."

आत्याबाईंचा हात सुपात थांबला. त्यांनी एकदा मामाजींकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मले कोणी विचारलंच नाही जी," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, मी निरोप सांगाले बसली."

माझ्या हातातली सुई हातातच राहिली. इतके महिने मी मामाजींच्या चहात आलं घालत होते, पानाचा कात मोजत होते, रुळांना चिंच लावत होते. आणि ज्यांच्या गुडघ्यांवर माझी शाळा उभी राहणार होती, त्या रोज माझ्या हाताच्या अंतरावर बसलेल्या असून मी त्यांना नुसतं "विचारा" म्हणत आले होते. "तुम्हाला चालेल का?" हे एकदाही नाही. मला माझी अतिशय लाज वाटली. उठून त्यांच्या पाया पडावं असं वाटलं, पण मध्ये रूळ होते.

आत्याबाईंनी घाई केली नाही. उत्तर त्यांचं स्वतःचं होतं, कुणाचं पोचवायचं नव्हतं, म्हणून की काय, त्यांना वेळ लागला.

"जाऊ दे तिले," त्या म्हणाल्या. "कणीक भिजवून जाय वं सकाळी. बाकीचं मी पाहीन. नाही जमलं त सांगीन." मग सूप बाजूला सरकवून त्यांनी ट्रान्सफॉर्मरच्या डब्याकडे बोट केलं. "अन् जी, थे दांडी मले पाहू द्या ना जरा. इतक्या वर्षाची पाहून राहिली दारातून."

मामाजी बाजूला सरकले. आत्याबाईंनी गुडघा धरून बैठक बदलली, दांडीवर हात ठेवला आणि ती एका दमात शेवटपर्यंत ढकलली. गाडी वळणावर कलंडली, डबे एकमेकांवर चढले. मामाजी "हळू, हळू" म्हणत राहिले. "तुमी थांबा जी," म्हणत आत्याबाईंनी त्यांनाच ती पुन्हा रुळावर चढवायला लावली. दुसऱ्यांदा ती नीट फिरली. आत्याबाई मान फिरवून फिरवून तिच्या मागे पाहत होत्या आणि मुलीसारख्या हसत होत्या.

चहाची वेळ केव्हाच होऊन गेली. मी उठायला लागले तर त्या म्हणाल्या, "बस वं, डबे सांभाळ." आम्ही दोघीही उठत नाही असं पाहून मामाजी आधी खोकले, मग कंबर धरून स्वतःच उठले आणि स्वयंपाकघरात गेले. भांडी वाजली. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "साखर कुठी आहे वं?"

आत्याबाईंनी मान वर केली नाही. "तिले विचारा," त्या म्हणाल्या.

मामाजी दारात आले. माझ्याकडे पाहू की नको, अशा बेतात उभे राहिले आणि म्हणाले, "सूनबाई, साखर कुठी आहे?"

"फडताळात, खालच्या फळीवर," मी म्हटलं. "मुंग्या पाहून घेजा, मामाजी."

चहा अगदी पुचाट झाला होता. आत्याबाईंनी तो डाव्या हाताने प्यायला, कारण उजवा त्यांनी दांडीवरून काढलाच नाही.